जुन्या मार्टिनी रायफलचा ग्रुप: पावसाळ्यानंतरची नोंद

वेंगुर्ल्यात पाऊस सरला, हवा जरा कोरडी झाली, तशी आजोबांकडून वारसाने परवान्यावर आलेली .२२ बीएसए मार्टिनी रायफल पुन्हा क्लबच्या ५० मीटर रेंजवर नेली. एकेकाळी शिकारीला जायची. आता ती फक्त कागदी निशाणावर चालते, आणि तिथेही आपलं पाणी दाखवते.

हिची काडतुसं घरी भरता येतात का, हा प्रश्न नेहमी येतो. .२२ रिमफायरची नाही येत. पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन ती कडच चेपते, त्यामुळे उडालेल्या काडतुसाचं कवच कायमचं बाद. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाची पेटणारी टोपी बुडाच्या मधोमध असते आणि बदलता येते) बंदुकीची दारू तोलून जो सारखेपणा साधतात तो आपण निवडीवर साधायचा. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचे डबे घ्यायचे, कडेची जाडी गेजने मोजून सारखी काडतुसं वेगळी काढायची. माझ्या मते पैसे आधी चांगल्या लॉटवर घालावेत, गेज नंतर.

वेगाचा मोह तर नकोच. ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण १०७० फुटांनी निघते, आवाजाच्या वेगाखाली. हाय व्हेलॉसिटी गोळी १२०० च्या वर सुटते, तिला हवेचा रोध कितीतरी जास्त, म्हणून आडव्या वाऱ्यात ती स्टँडर्डपेक्षा जास्त सरकते. आपल्या किनाऱ्यावर हे फार महत्त्वाचं. ताशी १६ किमीच्या आडव्या वाऱ्यात स्टँडर्ड गोळीही ५० मीटरवर इंचभर हलते, आणि निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं! सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) मंद असतानाच ग्रुप, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा निशाणावरचा पुंजका घ्यावा. दुपारी खारा वारा सुटला की काडतुसांची तुलना करण्यात अर्थ नाही.

या खेपेला खरा फरक पडला तो खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याने. मार्टिनीचा दस्ता मागून एका लांब बोल्टवर आवळलेला असतो. पावसात लाकूड फुगतं, नंतर आकसतं, बोल्ट सैल पडतो. नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक खाली पाडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री केली, नळी एका हाताने धरून दस्ता हळूच पिळला, तर जोडावर ठेवलेल्या अंगठ्याला बारीकशी हालचाल लागली. दस्त्याच्या मागची पट्टी (बटप्लेट) काढून लांब पेचकसाने बोल्ट आवळला. त्याच लॉटच्या, आधी उभ्या पसरणाऱ्या गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आल्या.

पुढे नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहायची आहे. तोंडाकडून गज घालून साफ केलेल्या जुन्या नळ्यांची कड एका बाजूने झिजते आणि गोळी तिरकी सुटते. तोवर फोरएंड (नळीखालचं लाकूड) दर वेळी वाळूच्या पिशवीवर त्याच जागी, आणि नळी कशालाही न टेकता.