कमेंट वाचू नकोस म्हणे

"बातमी वाच, पण खालच्या कमेंट्स वाचू नकोस" हे हल्ली कुणीही कुणालाही सांगतं, डॉक्टर तेलकट खाऊ नका सांगतात तसं, आणि आपण दोन्ही ऐकत नाही. मी तर बातमी खालून वर वाचणाऱ्यातला. हेडलाइन बघायची, थेट कमेंट्समध्ये उतरायचं, आणि भांडण रंगलेलं असेल तर मग नेमकं झालं काय ते बघायला वर जायचं. त्यामुळे कमेंट सेक्शनची जी बदनामी चालते ती मला अर्धीच पटते. घाण आहे हे खरंच, पण ती कुणामुळे आहे यावर लोक जे बोलतात ते मला चुकीचं वाटतं.

आधी घाण बघून घेऊ. कुठल्याही मराठी न्यूज चॅनलच्या फेसबुक पेजवर जा. बातमी काय, तर उद्या कोकणात मुसळधार पावसाचा इशारा. पहिली कमेंट 'काळजी घ्या सगळ्यांनी', दुसरी 'आमच्या मराठवाड्याकडे पण पाठवा थोडा', इथपर्यंत बरं चाललेलं असतं. मग कुणीतरी लिहितो की आधी खड्डे बुजवा मग इशारे द्या, त्याला दुसरा विचारतो की इतकी वर्षं सत्ता कुणाची होती, आणि तिथून पुढे पाऊस गेला, कोकण गेलं, दोन पक्ष आणि तीन जाती तेवढ्या उरल्या. मधेच एकजण पाच मिनिटांत पर्सनल लोन देतो, आणि एकजण गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हणून निघून जातो. या शेवटच्या माणसाचं मला मनापासून कौतुक आहे, एवढ्या राड्यात तो आपलं काम करून जातो.

बातमी बाईबद्दल असेल तर मात्र हसण्यासारखं काही नसतं. खेळाडू असो, नटी असो, आमदार असो, तिने काय केलं यावर चार कमेंट्स आणि तिने काय घातलंय, नवरा काय करतो, वय काय यावर चारशे. हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनच्या गार्डियनने २०१६ मध्ये स्वतःच्याच वेबसाइटवरच्या ७ कोटी कमेंट्स तपासल्या. सगळ्यात जास्त शिवीगाळ वाट्याला आलेल्या दहा लेखकांमध्ये आठ बायका होत्या आणि उरलेले दोन पुरुष कृष्णवर्णीय. सगळ्यात कमी त्रास झालेले दहाच्या दहा पुरुष. लिहिणारा कोण आहे यावर खालची भाषा ठरते, त्याने काय लिहिलंय याच्याशी फारसा संबंध नाही, हे आपल्याला अंदाजाने माहीत होतं, त्यांनी मोजून दाखवलं.

त्याच तपासणीत एक मजेशीर गोष्ट पण निघाली. शब्दकोडी, क्रिकेट, घोड्यांच्या शर्यती आणि जॅझ यांच्या खालच्या चर्चा सभ्य असायच्या. इस्रायल-पॅलेस्टाइनच्या खालच्या नसायच्या. क्रिकेटच्या खाली सभ्य चर्चा हे वाचून मी जरा वेळ थांबलो, कारण आपल्याकडे रोहित की विराट यावरून सख्खे भाऊ एकमेकांना ब्लॉक करतात, पण ते असो. मुद्दा हा की वाचक तोच, वेबसाइट तीच, आणि तरी एका पानाखाली माणसं माणसात असतात आणि दुसऱ्या पानाखाली नसतात. मग "लोकच तसले आहेत" एवढं म्हणून कसं भागेल?

आता मराठी नेटवरचं जुनं खोड असल्यासारखं बोलतो, सहन करा. १९९६ साली मायबोली, २००४ ला मनोगत, २००७ ला उपक्रम आणि मिसळपाव, २०११ ला ऐसी अक्षरे. फेसबुक सगळ्यांच्या खिशात यायच्या आधी मराठी माणूस ऑनलाइन भांडायला इथे जायचा. तिथे कमेंट नव्हती, प्रतिसाद होता. पोस्ट नव्हती, धागा होता. मिपावर, म्हणजे मिसळपाववर, चर्चेच्या विभागाचं नावच काथ्याकूट, म्हणजे आत शिरतानाच माहीत की आपण काय करणार आहोत. शंभर प्रतिसाद झाले की धागाकर्त्याचा सत्कार, अर्धे प्रतिसाद त्या सत्काराचेच. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) ही भाषा ज्यांना कळते त्यांचं वय मी विचारणार नाही. जिलबी टाकणं, पिंक टाकून पळणं, कंपूबाजी, डुआयडी (म्हणजे डुप्लिकेट आयडी), हे शब्द तिथेच घासून गुळगुळीत झाले, आणि एवढे शब्द होते म्हणजे तेवढे प्रकार पण चालायचे. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. नव्या माणसाला असा काही धुवायचे की तो पुन्हा उगवायचाच नाही, आणि एकच इसम तीन आयडींनी स्वतःलाच अनुमोदन देत बसायचा. आरक्षण, गांधी-सावरकर, शाकाहार यातलं काही निघालं की धागा पाच पानं गेलाच म्हणून समजा.

पण तिथे कुणीतरी जागं असायचं! संपादक असायचे, बहुतेक बिनपगारी, स्वतःची नोकरी सांभाळून रात्री प्रतिसाद उडवत बसणारे, आणि त्यांना शिव्या पडायच्या त्या वेगळ्याच. पक्षपाती म्हणून, अमक्याच्या कंपूतले म्हणून. तरी धागा फार घसरला की कुलूप लागायचं. ऐसीवर तर प्रतिसादांना श्रेणी देता यायची, मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, आणि उलट बाजूला अवांतर, भडकाऊ, निरर्थक. खवचट अशीसुद्धा श्रेणी होती आणि ती मिळाली की लिहिणारा खूश व्हायचा. ही कल्पना अमेरिकेत स्लॅशडॉट या टेक-वेबसाइटने आधी चालवली होती, उणे एक ते पाच असे गुण, आणि गुण द्यायचा अधिकार साध्या सदस्यांकडेच थोड्या वेळापुरता फिरता. म्हणजे वाचणाऱ्यालाच थोडं राखणीला बसवायचं.

फेसबुकवर त्या न्यूज पेजच्या खाली राखणीला कोण बसलंय? कुणीच नाही. पेज चालवणारा पोरगा दिवसाला चाळीस-पन्नास लिंका टाकतो, खाली काय पेटलंय ते बघायला त्याला वेळ नाही आणि त्याच्या साहेबाला ते विझवण्यात रस नाही, कारण भांडण झालं की कमेंट्स वाढतात आणि कमेंट्स वाढल्या की पोस्ट आणखी लोकांना दिसते. मिपावरचा संपादक दुष्ट असेल नाहीतर कंपूबाज असेल, पण भांडण वाढलं तर त्याची झोप जायची. इथे कुणाची जात नाही. मला सगळ्या बदनामीचं मूळ हेच वाटतं.

लोक मात्र म्हणतात, खऱ्या नावाने लिहायला लावा म्हणजे सगळे सरळ होतील. दक्षिण कोरियाने हे कायदा करून बघितलं. २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर लिहायचं तर ओळख पटवावी लागायची. शिव्या काही थांबल्या नाहीत, उलट सगळ्यांची माहिती एका जागी गोळा झाली आणि २०११ मध्ये तिथल्या 'नेट' (Nate) आणि सायवर्ल्ड या सेवा हॅक होऊन साडेतीन कोटी खात्यांचा डेटा गेला. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियमच रद्द केला. आणि एवढं लांब कशाला जायचं, आपले फेसबुकवरचे काका बघा. पूर्ण नाव, गाव, कंपनी, डीपीला सहकुटुंब अष्टविनायक, आणि भाषा अशी की घरात कुणी उच्चारली तर काकू जेवायला वाढणार नाहीत. उलट लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून प्रभाकर साप्ताहिकात आली ती टोपणनावानेच. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि आपल्याच समाजाला इतकं झणझणीत लिहायचं तर ते नाव हवंच होतं. टोपणनावामागे लपून शिवी देता येते तसं खरं पण बोलता येतं.

दुसरा लाडका उपाय म्हणजे पोलीस. त्याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती, त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लाइक केलं म्हणून अटक, हे आज वाचताना पण विचित्र वाटतं. त्यातलं आयटी कायद्याचं ६६ अ हे कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. धमकी दिली, बाईचा पत्ता टाकला, तर पोलीस हवेतच, त्यात वाद नाही. पण कुठली कमेंट वाह्यात आणि कुठली नुसती बोचरी हे ठरवणं फौजदाराचं काम नाही, आणि त्याला दिलं की तो ते कुणाच्या बाजूने करेल ते आपल्याला माहीत आहे.

मग राहतो तो खर्चाचा प्रश्न, ज्यावर कुणी बोलत नाही. अमेरिकेत एनपीआर रेडिओने ऑगस्ट २०१६ मध्ये वेबसाइटवरच्या कमेंट्स बंद केल्या तेव्हा आकडे सांगितले होते. जुलै महिन्यात आले ३ कोटी ३० लाख लोक, कमेंट्स पडल्या ४ लाख ९१ हजार, आणि लिहिणारे होते १९,४००. दहा हजारांत सहा जण! आपण ज्याला जनता काय म्हणते ते बघ म्हणतो ती जनता एवढीच असते, बाकीचे वाचून गप्प पुढे जातात. एवढ्या लोकांसाठी पगारी माणसं कोण बसवणार, बंद करून मोकळे. न्यूयॉर्क टाइम्सने बंद केलं नाही, त्यांचे चौदा जण रोजच्या साधारण ११ हजार कमेंट्स वाचायचे, आणि म्हणून दहातल्या एकाच लेखाखाली कमेंट करायची सोय होती. २०१७ पासून त्यांनी गूगलच्या जिगसॉ कंपनीचं कमेंट्स चाळणारं मशीन मदतीला घेतलं. मराठीत हे मशीन फार चालेल असं मला वाटत नाही. आई-बहिणीची शिवी ते पकडेल, ती पण रोमनमध्ये स्पेलिंग फिरवून लिहिली तर सुटेल. पण "आपल्यासारख्या विद्वानांपुढे आम्ही पामरांनी काय बोलावं" किंवा नुसतं "थोर आहात" हे त्याला शंभर टक्के सभ्य दिसणार, आणि ज्याला लिहिलंय तो माणूस तिकडे दोन दिवस जेवणार नाही.

बरं, घाण तशीच राहू दिली तर बिघडतं काय, वाचू नका ना, असं म्हणणारे पण आहेत. बिघडतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रोसार्ड आणि शॉयफेले यांनी ११८३ लोकांना नॅनोसिल्व्हर नावाच्या तंत्रज्ञानावरचा एक साधा, दोन्ही बाजू मांडणारा मजकूर दिला. वरचा मजकूर सगळ्यांना तोच, खाली काहींना सभ्य कमेंट्स आणि काहींना उर्मट. उर्मट वाचलेल्यांची मतं दोन टोकांना गेली, म्हणजे खालच्या चार आगाऊ माणसांनी वरचा लेखच बदलून टाकला. पॉप्युलर सायन्स मासिकाने २०१३ मध्ये हाच अभ्यास दाखवून कमेंट्स बंद केल्या. मला ते पटलं नाही तेव्हा, आणि अजूनही नाही. विज्ञानाच्या मासिकाखाली चूक दाखवणारा एखादा जाणकार पण येतो, त्याला पण तुम्ही हाकललंत.

कारण चांगल्या कमेंट्स असतात हो, फक्त भलत्या ठिकाणी असतात. उकडीच्या मोदकाच्या व्हिडिओखाली बघा, रत्नागिरीची कुणी मावशी लिहिते की ताई, पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी थोडं जास्त लागतं, आणि खाली वीस जणींच्या शंका आणि मावशींची उत्तरं. सोयाबीनवरच्या अळीच्या व्हिडिओखाली शेतकरी विचारतो पंधरा लिटरच्या पंपाला किती एमएल, आणि कुणीतरी सांगतं, वर पाऊस असेल तर दोन दिवस थांबा म्हणून पण सांगतं. जुन्या नाट्यगीताखाली '२०२५ मध्ये कोण कोण ऐकतंय' वाल्यांना ओलांडून खाली गेलात की एखादे आजोबा सापडतात ज्यांनी तो प्रयोग गिरगावात बघितलेला असतो. इथे लोकांना काहीतरी हवं असतं आणि चॅनलवाली ताई स्वतः येऊन उत्तरं देत असते, म्हणून ते टिकतं.

माझी खरी तक्रार आता शिव्यांपेक्षा 'खूप छान'बद्दल आहे. चारशे वेळा खूप छान, अप्रतिम, हात जोडलेले इमोजी, आणि लेखात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल चुकलंय हे एकालाही दिसलेलं नाही. मायबोलीवर हे साल पाच मिनिटं टिकलं नसतं, कुणीतरी संदर्भासकट येऊन लेखकाला धोपटलं असतं. मला तो धोपटणारा परत हवाय.

नॉर्वेच्या सरकारी ब्रॉडकास्टरचं एनआरकेबीटा नावाचं टेक पान आहे, त्यांनी २०१७ मध्ये एक युक्ती केली. कमेंट करायच्या आधी त्याच लेखावरचे तीन सोपे प्रश्न, पर्यायासकट. बरोबर आले तर लिहा. वाचलंय का ते कळतं आणि तेवढ्या सेकंदात डोकं जरा थंड होतं. आपल्याकडच्या एखाद्या न्यूज साइटने हे महिनाभर करून बघावं अशी माझी फार इच्छा आहे. तीन पण नकोत, एकच प्रश्न ठेवा, बातमी कुठल्या राज्यातली आहे. बिहारमधला पूल पडल्यावर आपल्या मुख्यमंत्र्यांचा राजीनामा मागणारे सगळे तिथेच अडकतील.