एल-1ला चर्चेला बोलावण्याआधी

निविदेतला आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा लिफाफा, उघडला आणि एल-1चा (सर्वांत कमी दर भरणाऱ्याचा) दरही अंदाजापेक्षा चढा निघाला, की खरेदी शाखेत लगेच ऐकू येतं, ‘बोलवा त्याला, कमी करायला लावू.’ चर्चेचं पत्र काढण्याआधी नस्ती (फाइल) पुन्हा उघडा.

केंद्रीय दक्षता आयोगाच्या मार्च 2007च्या परिपत्रकानुसार निविदेनंतरच्या वाटाघाटी एरवी नाहीतच. वस्तू एकाच उत्पादकाची असेल, पुरवठादार मोजकेच असतील किंवा संगनमताचा संशय असेल अशा अपवादात्मक परिस्थितीतच, त्याही फक्त एल-1शी आणि कारण नोंदवून. राज्यातल्या कार्यालयांनी आपली खरेदी नियमपुस्तिका आणि त्यावरचे शासन निर्णयही पाहावेत. ‘एल-1च्या दरात देता का?’ असं एल-2ला (दुसऱ्या क्रमांकाचा कमी दर भरणाऱ्याला) विचारायचं असेल, तर काम विभागून देण्याची अट मूळ निविदेतच हवी. एल-1 मागे हटला तर फेरनिविदा.

आता तुमचा अंदाज तपासा. समजा, शाळेच्या बाकाचा अंदाज 4,200 रुपये आणि एल-1चा दर 4,850. फरक 650. पण अंदाज जीएसटी वगळून असेल आणि देकार (पुरवठादाराने देऊ केलेला दर) जीएसटीसह, तर 18 टक्क्यांचे 756 मिळवून अंदाज होतो 4,956. म्हणजे एल-1 अंदाजाच्या 106 रुपये खालीच आहे! वाहतूक, माल उतरवण्याचा खर्च, हमी कालावधी यांचंही असंच होतं. दरपृथक्करण, म्हणजे दराची घटकवार फोड, हातात नसेल तर खरेदी समितीपुढे चर्चा ही नुसती घासाघीस होते, आणि लेखापरीक्षणात ‘हाच दर वाजवी कसा?’ याला उत्तर उरत नाही.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे प्रतिदेकार, म्हणजे आपणच उलट दर सुचवणं. ‘4,500ला द्या’ असं लेखी कळवलंत, तर भारतीय करार अधिनियम 1872च्या कलम 7प्रमाणे ती बिनशर्त स्वीकृती होत नाही, उलट मूळ देकार नाकारल्यासारखं होतं. एल-1ने नकार दिला आणि तुम्ही पुन्हा 4,850वर यायचं म्हटलं, तर तो ‘आता बांधील नाही’ म्हणू शकतो. म्हणून चर्चेच्या पत्रात आकडा घालू नका. चर्चेला बसण्याआधीच त्याच्याकडून लिहून घ्या: बोलणी फिसकटली तरी मूळ देकार त्याच्या वैधतेच्या मुदतीपर्यंत कायम राहील, आणि सुधारित दर मूळ दरापेक्षा जास्त नसेल. वैधतेचे दिवस कमी उरले असतील तर आधी मुदतवाढ घ्या.

दर उतरला की बाकाचा पत्रा पातळ होतो, हे विसरू नका. 1.2 मिमीच्या जागी 0.9 मिमी आला तर त्या भागातलं चतुर्थांश पोलाद गेलं, आणि रंग लावल्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुधारित देकारात जाडी, वजन, हमी पुन्हा जशीच्या तशी लिहून घ्या, मंजूर नमुना मोहोरबंद ठेवा आणि माल उतरवताना मायक्रोमीटर लावा. इतिवृत्तात आधीचा दर, नंतरचा दर आणि उतरण्याचं कारण त्याच दिवशी लिहून सर्व सदस्यांच्या सह्या घ्या. निविदेत नसलेली सवलत, उदाहरणार्थ आगाऊ रक्कम, दराच्या बदल्यात कधीच देऊ नका. ती आधी माहीत असती तर इतरांनीही कमी दर भरले असते.