पहिला महाशीर, आणि त्याला परत सोडताना

तीन हिवाळे मी मावळातल्या एका धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे नदी फुगवट्याला मिळते तिथे, गळ टाकून बसलो. महाशीरासाठी. तिकडची जुनी माणसं त्याला खडशी म्हणतात. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही इथल्या बोलीतलंच: खुद्री. म्हणजे हा मासा आपल्या घरचा.

मासेमारी सोसायटीची परवानगी आधी काढली. पावसाळ्यात मी जातच नाही. तेव्हा पोटात गाभोळी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात.

नाचणीचं पीठ उकडून, घट्ट मळून लिंबाएवढे गोळे करायचे हे तात्यांनी शिकवलं. ते तिथलेच, उभा जन्म नदीवर गेलेला. महाशीराच्या जबड्याला दात नसतात, ते घशात असतात आणि शिंपलासुद्धा चुरडतात. हलका गळ तिथवर गेला तर वाकतो, म्हणून गळ जाड घ्यायचा. त्याचं उलटं टोक मी पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे काढताना ओठ फाटत नाही.

पहिल्या वर्षी मासा लागला तो सरळ खालच्या खडकांकडे सुटला. मी घाबरून रीळ आवळलं.

"सोड, तंगूस सोड! वढू नगंस!" तात्या ओरडेपर्यंत तंगूस तुटलं होतं.

दुसऱ्या वर्षी मासा हाती आला, साधारण दोन किलोचा. फोटोच्या नादात मी त्याला बराच वेळ पाण्याबाहेर धरला. सोडल्यावर तो पोट वर करून तरंगत गेला. तात्या काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

गेल्या जानेवारीत, ऊन जरा चढल्यावर, पुन्हा ओढ बसली. या वेळी त्याला धावू दिलं. तो थांबला की गुंडाळायचं, निघाला की सोडायचं, असं पाऊण तास चाललं. शेवटी तो काठाच्या उथळ पाण्यात आडवा झाला. रुपयाएवढे खवले, कडेला सोनेरी झाक, निळसर पर, तोंडाशी चार मिशा. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी १९७०च्या दशकापासून याच जातीची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली. हाही त्यांच्यातलाच कुणी असेल का, असं वाटून गेलं.

हात ओले करून, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढला. मग एका हाताने शेपटीचा देठ, दुसरा पोटाखाली, तोंड धारेकडे. कल्ले आधी घाईघाईने उघडत होते, हळूहळू संथ झाले. मांडीएवढ्या गार पाण्यात मी तसाच उभा राहिलो. पाय बधिर झाले तरी हात सैल केला नाही, कारण तो अजून एका अंगावर कलत होता.

"आता बघ," तात्या म्हणाले. शेपटीला एकदम जोर आला, माझं मनगट झटकलं गेलं, आणि गढुळलेल्या पाण्यातून तो खोल डोहाकडे निघून गेला.