पूर्वपक्षाला किती जागा?

लेखनातून मन वळवण्याच्या तंत्रांची चर्चा बहुतेक वेळा ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या तीन साधनांपाशी येऊन थांबते: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद. ही विभागणी योग्यच आहे; परंतु लेखनप्रकारांची तुलना करताना ती मला फारशी उपयोगी पडत नाही, कारण ही तिन्ही साधने कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच सापडतात. वाचकाच्या मनातल्या शंकेचे लेखक काय करतो, हे पाहिले तर मात्र फरक लगेच दिसू लागतात. संस्कृत भाष्यग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे शंका घेणाऱ्याचे किंवा विरोधकाचे म्हणणे, मांडावा आणि त्याचे खंडन करूनच सिद्धान्ताकडे, म्हणजे स्वतःच्या निर्णयाकडे, जावे, अशी शिस्त होती. तीच मोजपट्टी इतर लेखनालाही लावून पाहता येते.

जाहिरात शंका उपजूच देत नाही. तिची वाक्ये लहान, क्रियापदे आज्ञार्थी आणि भिस्त पुनरावृत्तीवर असते. एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते आणि पुढे अनेकदा पडताळले गेले. तरीही जाहिरातीत पूर्वपक्ष नसतोच असे नाही. तो तळाशी, बारीक अक्षरांत, ‘अटी लागू’ या शब्दांत असतो.

मदतीचे आवाहन शंकेला बाजूला सारते, पण वेगळ्या मार्गाने. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक या संशोधकांच्या २००७ सालच्या अभ्यासात, एकाच गरजू मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी केवळ आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे दिले. इतकेच नव्हे, तर त्या मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिल्यावर मदत घटली. म्हणजे येथे जादा पुरावा युक्तिवादाला बळकटी देण्याऐवजी त्याची धार बोथट करतो. हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो, कारण प्रामाणिकपणे सगळी माहिती देणारा लेखक येथे तोट्यात जातो.

अग्रलेखात पूर्वपक्ष उघडपणे येतो आणि खरी गंमत तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैनिकांवर केलेल्या आणि १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मानसशास्त्रज्ञ हॉवलंड व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की मुळातच सहमत असलेल्यांवर एकतर्फी मांडणीचा प्रभाव अधिक पडतो, तर विरोधी मताच्या आणि अधिक शिकलेल्या श्रोत्यांवर दोन्ही बाजू सांगणाऱ्या मांडणीचा. त्यामुळे विरुद्ध बाजूची दखल घेणे हा सौजन्याइतकाच डावपेचाचाही भाग ठरतो. ‘काही जण म्हणतील’ अशी सुरुवात दिसली, की हे ‘काही जण’ कोण आणि त्यांचे सर्वांत भक्कम म्हणणे येथे आले आहे का, हे मी आधी तपासतो. बरेचदा आलेले नसते. खोडायला सोपा असा लेचापेचा पूर्वपक्ष उभा करून त्याच्यावरच विजय मिळवलेला असतो. घाईत वाचणाऱ्याला मात्र तो निःपक्षपातीपणाच वाटतो, म्हणून हे तंत्र मला जाहिरातीपेक्षा अधिक फसवे वाटते.

वैज्ञानिक लेखनात मन वळवण्याचे काम संयम करतो. ‘सिद्ध झाले’ऐवजी ‘असे सूचित होते’ म्हणणे आणि अभ्यासाच्या मर्यादा स्वतःहून नोंदवणे, यांतून विश्वासार्हता कमावली जाते. अर्थात, मर्यादांचा परिच्छेद हा पुष्कळदा निव्वळ उपचारही असतो. याउलट डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात सिद्धान्तासमोरील अडचणींना एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीतून कसा घडेल, हा सर्वांत अवघड आक्षेप स्वतःच पूर्ण ताकदीने मांडला. आक्षेपाचे वजन आधी मान्य केल्यामुळेच पुढचे उत्तर वजनदार होते.

न्यायालयीन निकालपत्र याच वाटेने जाते, पण त्यामागे सक्तीही असते. वकिलाला स्वतःच्या पक्षकाराची बाजू तेवढी लढवायची असते. न्यायाधीशाला मात्र हरलेल्या पक्षाचे म्हणणे नोंदवून ते का स्वीकारले नाही, याची कारणे द्यावी लागतात. ती कारणे अपुरी वाटली तर हरलेला पक्ष अपिलात जातो आणि वरचे न्यायालय निकालपत्र वाचताना नेमका तो न पटलेला युक्तिवादच आधी शोधते.