पहिल्या फेरीत बाद झाल्यावर

दक्षिण आफ्रिकेची सौंदर्यवती झोझिबिनी टुन्झी २०१७ साली ‘मिस साउथ आफ्रिका’च्या अंतिम फेरीपर्यंत पोचली नव्हती, २०१९ ला तो मुकुट मिळाला आणि ‘मिस युनिव्हर्स’चाही. त्यामुळे साताऱ्यात किंवा सांगलीत सौंदर्यस्पर्धेतून बाद झालात तर एक दिवस रडून घ्या, मग आपला मंचावर चालतानाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. चूक बहुधा वळताना सापडते: नजर खाली, खांदे वर. नऊवारीत पाऊल आखूड पडतं, म्हणून सरावही नऊवारीतच, स्पर्धेच्याच चपलांवर. प्रश्नफेरीत घोकलेलं उत्तर एक शब्द विसरला की कोसळतं. त्यापेक्षा मत, कारण, गावाकडचं उदाहरण एवढंच धरा. मोबाइलवर ३० सेकंद लावून रोज ५ प्रश्न, तेही घरच्यांसमोर. (घरचे परीक्षकांपेक्षा कडक असतात!) सेफ्टी पिना मात्र डझनभर जास्तीच्या न्या.