महामारीचं वर्ष आणि शेऱ्याचा रकाना

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्याकडे कोरी वही मागितली. दोनशे पानी. आईची सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात हजेरीपट सांभाळण्यात गेली. घडलेलं रकान्यात बसवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पट्टी घेऊन तिने पाच रकाने आखले: दिनांक, घराबाहेर कोण गेलं, घरात कोण आलं, ताप, आणि शेवटी शेरा. मला वाटलं, फार तर दहा-बारा पानं भरतील.

ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय. नुसत्या आठवणीवर विसंबले असते तर चुकले असते. आता मागे वळून बघताना असं वाटतं की काय करायचं ते आपल्याला पहिल्यापासून कळत होतं. मुळीच कळत नव्हतं. त्या त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर घर चाललं, आणि काय माहीत होतं हे वहीत तारखेसकट आहे.

घरात आम्ही पाच जण. मी हिशेबाची कामं करते, ती घरी आली. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटी आठ. आई ७२ वर्षांची, मधुमेह जुना. आणि नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर. सगळं बंद झालं तरी नळाला पाणी यायलाच हवं, त्यामुळे त्याची पाळी एकही दिवस चुकली नाही. एक माणूस रोज बाहेर जाणार, दहा जणांत वावरणार आणि आई असलेल्या घरात परत येणार. आमचं सगळं वर्ष या एका गोष्टीभोवती फिरलं.

दाराबाहेर एक जुनी लाकडी खुर्ची ठेवली. किल्ल्या, घड्याळ, पाकीट, मोबाइल तिच्यावर. कपडे दारातल्या बादलीत, साबणाच्या पाण्यात. तिथून सरळ न्हाणीघर. धाकटीने उंबऱ्याच्या आत खडूने एक रेघ मारली होती, बाबाची आंघोळ होईपर्यंत तिने ती ओलांडायची नाही असं ठरलं. ती रेघेला पाय टेकवून उभी राहायची आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरायची, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. तो "आलोच हं" म्हणत भिंतीला लागून जायचा. हे कित्येक महिने, रोज. खडू पुसला गेला की ती नव्याने ओढायची.

मार्चमध्येच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत. झालं, आम्ही वस्तूंच्या मागे लागलो. एप्रिलची पानं बघितली तर शेऱ्यात दुसरं काही नाहीच. 'खोकी १ दिवस बाहेर.' 'प्लास्टिकचं सगळं ३ दिवस बाहेर.' 'पिशव्या धुतल्या.' दाराच्या कड्या, दिव्यांची बटणं, पेनं, सगळं पुसत होते. साबणाचं कारण मुलाला पक्कं ठाऊक होतं: या विषाणूच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं आणि साबण ते फोडतो. हे तो धाकटीला इतक्या वेळा सांगायचा की तिला ते पाठ झालं. माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, रात्री झोंबायचं.

आणि हे सगळं करताना आम्ही घराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. आईच्या खोलीची तर दिवसरात्र बंद.

शाळांबद्दल थोडं लिहायलाच हवं. त्या वसंतात जगभर १५० कोटींहून जास्त मुलांच्या शाळा बंद होत्या, त्यातली दोन माझ्या घरात. मोठ्याचं निभावलं. धाकटीचं नाही. फोनच्या पडद्यावर बाई दिसायच्या, आवाज तुटायचा, आणि ती मान डोलवत राहायची. ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं की वर्षापूर्वी सहज वाचणारी पोर जोडाक्षरांवर अडखळतेय. मला त्या दिवशी जितकं अपराधी वाटलं तितकं सबंध वर्षात कधी वाटलं नाही. शेजारच्या खोलीत बसून मी दिवसभर आकडे जुळवत होते आणि हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

तोडगा आईने काढला. ती तिच्या खोलीत, दार अर्धं उघडं. नात बाहेर पॅसेजमध्ये सतरंजीवर, दोघींच्या तोंडाला मास्क. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं. चुकलं की आईने आतून नुसतं "पुन्हा" म्हणायचं, रागवायचं नाही. दिवाणावर पाय सोडून बसलेली आई आणि दाराच्या फटीतून आत जाणारा तो एकसुरी आवाज, हे आमच्या घरातलं दुपारचं घड्याळ झालं. दोन महिन्यांत वाचन रुळावर आलं. खरं तर त्या वीस मिनिटांची गरज आईला जास्त होती, हे मला फार नंतर कळलं.

पाच जूनला जागतिक आरोग्य संघटनेने मास्कबद्दलचा सल्ला बदलला, कापडी मास्क तीन थरांचा असावा असं सांगितलं. मी मशीन काढून सगळ्यांसाठी शिवले. पण आमच्या घरात खरा पालट झाला तो जुलैत. ७ जुलैचा शेरा: 'हवेतून पण. खिडक्या!' आईने उद्गारचिन्ह वहीभर दुसरीकडे कुठेही दिलेलं नाही.

आदल्या दिवशी लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या दोघांनी लिहिलेलं आणि २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेलं पत्र प्रसिद्ध झालं होतं. बोलताना, श्वास सोडताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, त्यांच्यातूनही लागण होऊ शकते, तेव्हा हवा खेळती ठेवा, असा त्याचा आशय. मुलाने ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आई, आपण खोकी पुसत बसलोय आणि हवा कोंडून ठेवलीय." मला राग आला. चार महिने हात सोलून घेतले होते ते काय उगीच? पण तो बरोबर होता.

मग त्याने एक प्रयोग केला. काडेपेटीतली काडी ओढून विझवायची आणि तिचा धूर कुठे जातो ते बघायचं. आम्ही खोल्या-खोल्यांतून फिरलो. नवरा आल्यावर टोकाच्या खोलीत एकटा झोपायचा, तेवढी काळजी आम्ही पहिल्यापासून घेत होतो. त्या खोलीच्या दारात काडी धरली तर धुराची बारीक रेघ वाकली आणि पॅसेजमधून संथपणे सरकत आईच्या खोलीकडे निघाली. आम्ही तिघं ती बघत उभे राहिलो. पुन्हा काडी ओढली, पुन्हा तसंच. ज्याला दूर ठेवलं म्हणून आम्ही निश्चिंत होतो त्याचा श्वास रोज रात्री त्याच वाटेने जात होता.

नवरा पंपांवर काम करणारा. प्रवाह कसा वळवायचा हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून बसवला, आजूबाजूची फट पुठ्ठ्याने बुजवली आणि आईच्या खोलीची खिडकी उघडायला लावली. पुन्हा काडी. आता धूर आईच्या दाराकडून उलटा निघाला आणि त्याच्या खोलीतून थेट बाहेर. आई म्हणाली, "तुमच्या खात्याला एकदाचं यश आलं." तो हसला, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी त्याने कामावरच्या कंट्रोल रूमच्या खिडक्याही उघडायला लावल्या.

सप्टेंबरात एका तारखेपुढे चार रकाने भरलेले आहेत आणि शेरा कोरा आहे. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, त्या दिवशी गेला. दुसऱ्या गावी, इस्पितळात, जवळ कोणी नसताना. आईने मोबाइल दोन्ही हातांनी धरून शेवटचं बघितलं. मी तिच्या खोलीत गेले, खिडकी उघडी होती, मास्क होता, आणि तरीही तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिले. आईला जवळ घेतलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

ऑक्टोबरात नवऱ्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आला आणि साबणाची वडी नाकाशी धरून उभा राहिला. "याला वास नाही," म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. चाचणी पॉझिटिव्ह. आमच्या चौघांच्या दोनदा झाल्या, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मी त्या खिडकीतल्या पंख्याचे आजही मनोमन आभार मानते.

त्या दिवसापासून वहीत सहावा रकाना आला: ऑक्सिजन. ते बोटाला लावायचं यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतं आणि किती शोषला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन सांगतं. बोट गार असेल तर आकडा चुकतो. म्हणून आधी हात चोळून ऊब आणायची, पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीशी स्थिर धरायचा, आणि आकडा मिनिटभर टिकला तरच लिहायचा. तो दाराच्या आतून आकडा ओरडायचा, मी पॅसेजमधून आईला सांगायचे, आई लिहायची. ९७. ९७. ९६. पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते डेक्सामेथासोन का देत नाही? जूनमध्येच ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, त्याच चाचणीत ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही, घाई करू नका, आकडा बघत राहा. असं समजावून सांगणारा माणूस फोनच्या पलीकडे होता, हे आमचं भाग्य.

आठव्या दिवशी पहाटे ९५. दम नाही, खोकला नाही, बोलणं नेहमीसारखं. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्याने खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालून पुन्हा बघितलं. आतून आवाज आला नाही. मी दोनदा हाक मारली. मग म्हणाला, "एक्क्याण्णव." मी आईकडे वळले. तिने ऐकलं होतं, पेन उचललेलं होतं, पण हात कापत होता. वहीत तो ९१ वेडावाकडा उमटलाय.

फोनवर डॉक्टर म्हणाले, लगेच हलवा, तोपर्यंत पालथं झोपवा. पालथं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. गाडी येईपर्यंतची चाळीस मिनिटं तो तसा पडून होता, तोंड दाराकडे, मी दाराबाहेर. धाकटी जागी झाली आणि रेघेवर येऊन उभी राहिली, हात पाठीमागे. कोणी सांगितलं नव्हतं.

इस्पितळात ऑक्सिजन लावला आणि आता मात्र ते डेक्सामेथासोन सुरू झालं. सहा दिवस. आत जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी एक फोन यायचा, एवढंच. वहीत त्या सहा दिवसांचे आकडे आईने त्या फोनवरून घेतलेत. सातव्या दिवशी शेऱ्यात एक शब्द: 'घरी.'

पुढचे दोन महिने जिना चढताना तो मध्ये थांबायचा. त्याबद्दल तो फार बोलत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

८ डिसेंबरला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मार्गारेट कीनन या बाईंनी चाचण्यांबाहेरची फायझरची पहिली लस घेतली. आईने नातवाला तो फोटो मोठा करून दाखवायला लावला आणि शेऱ्यात लिहिलं, 'वय ९०.' विषाणूची ओळख पटून वर्षही झालं नव्हतं. आई मात्र तो नव्वदचा आकडाच पुन्हा पुन्हा वाचत होती.

तिचा नंबर मार्च २०२१ मध्ये लागला. कपाटातून बाहेर जायची साडी काढली, तिच्या घड्या उमटल्या होत्या. लस टोचल्यावर अर्धा तास बसवलं. ती खुर्चीत ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती, प्रत्येक माणसाकडे, अगदी वळून वळून. घरी आली, हात धुतले आणि वही मागवून घेतली.

'घराबाहेर कोण गेलं' या रकान्यात वर्षभर जावयाचं नाव आहे, अधूनमधून माझं, कधी मुलाचं. त्या दिवशी तिथे लिहिलंय, 'मी.' ताप नाही. शेरा: 'हात जड. बाहेर वारा छान होता.'