साडेसातशे वॅट, पण कोणत्या अटींवर?

संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या, म्हणजेच पॉवर सप्लायच्या, खोक्यावर ७५० वॅट हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो किती तापमानाला, किती वेळ आणि १२ व्होल्टच्या वाटेने किती मिळणार, हे मात्र बाजूच्या बारीक तक्त्यात असते, आणि पुष्कळदा तेही नसते. अकोल्यात राहणाऱ्या माझ्या भाच्यासाठी गेमिंगचा नवा संगणक जुळवायचे ठरले, तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्याने स्वतः निवडले आणि पॉवर सप्लायची निवड माझ्याकडे सोपवली. या निवडीत वॅटच्या आकड्यापेक्षा त्यामागच्या अटी पाहाव्या लागतात, असे माझे मत आहे. त्यातल्या बऱ्याच अटी आपल्या घराच्या वायरिंगमध्ये आणि खोलीच्या उन्हाळ्यात दडलेल्या असतात.

आधी भाराचा हिशेब. प्रोसेसर रायझन ५ ७६०० आहे. त्याचा टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने ठरवलेला आकडा) ६५ वॅट सांगितला जातो, परंतु मदरबोर्ड त्याला कमाल ८८ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० आहे, त्याची मर्यादा २५० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एनव्हीएमई ड्राइव्ह, पंखे आणि भाच्याच्या हौसेचे रंगीत दिवे यांना ऐसपैस ६० वॅट धरले, तरी बेरीज ४०० च्या आतच राहते. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. कंपनीला समोरच्याचा प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस कोणत्या दर्जाचा हे ठाऊक नसते, म्हणून ती हात राखून आकडा देते. मग चारशेच्या भारासाठी साडेसातशे कशाला, असा प्रश्न भाच्याच्या वडिलांनी विचारला आणि तो रास्तच होता.

त्याचे अर्धे उत्तर ग्राफिक्स कार्डाच्या स्वभावात आहे. २५० वॅट ही सरासरी असते. प्रत्यक्षात खेळातले दृश्य बदलताच कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरते त्याहून कितीतरी जास्त ओढते आणि लगेच खाली येते. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० बाजारात आली, तेव्हा हिशेबाने पुरेसे असलेले चांगले पॉवर सप्लायसुद्धा ऐन खेळात अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, कारण त्यांच्यातले संरक्षण त्या क्षणिक उसळीला बिघाड समजत होते. इंटेलने २०२२ मध्ये आणलेल्या पॉवर सप्लायच्या एटीएक्स ३.० मानकाने ही बाब नियमात बसवली. ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या नव्या १६ पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या, ४५० वॅटच्या वरच्या पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, अशी अट त्यात आली. म्हणजे ७५० वॅटच्या एसएमपीएसने तेवढ्या क्षणापुरते १५०० वॅट द्यायचे आणि बंद पडायचे नाही. म्हणूनच जुन्या मानकाचा ८५० वॅटचा सप्लाय सवलतीत मिळत असला, तरी मी या मानकाच्या पुढच्या आवृत्तीचा, एटीएक्स ३.१ चा, ७५० वॅटचाच घेईन.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या घरातल्या इन्व्हर्टरमध्ये आहे. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाला लाइट जाण्याचे प्रमाण वाढते आणि बहुतेक घरांत बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असतोच. लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतच्या फटीत संगणक जिवंत ठेवण्याचे काम एसएमपीएसमधला ऊर्जा साठवणारा मोठा कपॅसिटर करतो, आणि तो जितका वेळ तग धरतो त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात. पूर्वी सुमारे १७ मिलीसेकंदांची अपेक्षा होती. एटीएक्स ३.१ मध्ये ती १२ मिलीसेकंदांवर आणली गेली, आणि हे मला त्या मानकातले एकमेव मागे टाकलेले पाऊल वाटते. मात्र हा वेळ पूर्ण भारावरचा आहे. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा तेवढीच असते आणि भार निम्मा झाला की ती साधारण दुप्पट वेळ पुरते. म्हणून ७५० वॅटला १२ मिलीसेकंद टिकणारा सप्लाय ४०० वॅटच्या भारावर २२ मिलीसेकंदांच्या आसपास टिकेल. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलीसेकंदांचे असते, म्हणजे एक अख्खे आवर्तन गायब झाले तरी खेळ चालू राहील. जास्तीचे वॅट मी विकत घेतो ते यासाठी. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असेल तर ती त्या बाजूलाच ठेवावी, कारण दुसऱ्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ कितीतरी जास्त असतो आणि तेथे कोणताही एसएमपीएस पुरा पडत नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, असावा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मात्र या संगणकासाठी निरुपयोगी आहे, कारण त्याची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते आणि मॉनिटरसह आपला भार ती सहज ओलांडतो.

आता खोक्याच्या बाजूच्या तक्त्याकडे वळू. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांना फारसे काम उरलेले नाही. म्हणून तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. ६२.५ अँपिअर असतील तर बरोबर ७५० वॅट होतात, म्हणजे सगळी क्षमता जिथे हवी तिथे उपलब्ध आहे. कॅबिनेटबरोबर फुकट म्हणून मिळणाऱ्या, ४५० वॅट छापलेल्या एसएमपीएसवर हाच गुणाकार करून पाहावा. १२ व्होल्टखाली १८ अँपिअर असतील तर ते अवघे २१६ वॅट भरतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, काउंटरवर उभे राहून हा गुणाकार केला की दुकानदाराचा बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

त्याच तक्त्यात किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायची दुसरी गोष्ट म्हणजे तापमान. काही उत्पादक पूर्ण क्षमतेची हमी ४० अंश सेल्सिअसला देतात, काही ५० अंशांना. पुण्या-नाशिकच्या माणसाला यात फरक वाटणार नाही. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, दुपारी कूलर चालू असूनही वरच्या मजल्यावरची खोली पस्तिशीच्या वर असते आणि कॅबिनेटच्या आत त्यात आणखी भर पडते. अशा ठिकाणी ४० अंशांची हमी कागदावरच राहते. उष्णतेचा खरा मार बसतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. निप्पॉन केमी-कॉन, रुबिकॉन, निचिकॉन या जपानी कंपन्यांच्या १०५ अंशांच्या कपॅसिटरची जाहिरात केली जाते ती यामुळेच. या बाबतीत मी हट्टी आहे: खानदेश-विदर्भात ५० अंशांची हमी नसलेला सप्लाय घेऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो.

८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम या बिरुदांना आपल्याकडे अवाजवी मान मिळतो. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही योजना फक्त कार्यक्षमता मोजते. व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षणे नीट काम करतात का, आवाज किती, याबद्दल ती काहीही सांगत नाही. त्यातही चाचणी २३ अंशांच्या आसपास होते, आणि बाजारात सर्वत्र उद्धृत केले जाणारे आकडे ११५ व्होल्टचे असतात. त्यानुसार निम्म्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के असावी लागते. आता ४०० वॅटच्या भारासाठी ब्राँझ भिंतीतून ४७० वॅट ओढेल आणि गोल्ड ४४४. फरक २६ वॅटचा. रोज चार तास खेळ धरला, तर वर्षाला सुमारे ३८ युनिट, आणि युनिटला १० रुपये धरले तर ३८० रुपये. एवढ्यासाठी कोणी गोल्ड घेत असेल तर वसुलीला काही वर्षे लागतील. मी तरीही गोल्डच घेतो, कारण वाया गेलेली वीज उष्णता होऊन त्याच खोलीत पसरते, आणि गोल्डच्या श्रेणीत आतली रचनाही बहुधा सुधारलेली असते. प्लॅटिनमचा विचार आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता, म्हणून त्यात वेळ घालवला नाही. सायप्रसमधील सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही श्रेणी देते. निवडलेल्या मॉडेलचा तिचा अहवाल मिळाला तर तो वाचणे अधिक उपयोगाचे आहे.

व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावावा का, हा प्रश्न घरात हमखास निघतो. मागे लाल रंगाची ११५-२३० ची कळ असलेल्या जुन्या एसएमपीएसचे दिवस गेले. आजचे ॲक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज सुधारून घेणारे सर्किट) असलेले सप्लाय येईल ते व्होल्टेज आधी ३८० ते ४०० व्होल्टच्या डीसीपर्यंत उचलतात आणि मग खाली आणतात. त्यामुळे संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर लागून व्होल्टेज १८० वर आले, तरी १०० ते २४० व्होल्टचा सप्लाय तेवढेच काम करतो, फक्त १.९ ऐवजी २.४ अँपिअर ओढतो. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर मध्ये घातला, तर टप्पा बदलताना तोच क्षणभर पुरवठा तोडतो, म्हणजे नसलेली अडचण आपणच निर्माण करतो. खरी भीती उलट बाजूने असते. डीपीवर न्यूट्रल तुटले की काही घरांत २३० च्या जागी ३०० व्होल्टच्याही वर वीज येऊ शकते आणि त्यापुढे कोणाचेच काही चालत नाही. त्यासाठी जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे उपकरण मुख्य फलकावर वायरमनकडून बसवून घ्यावे. ते एसएमपीएसचेच नव्हे, फ्रिज आणि टीव्हीचेही रक्षण करते.

अर्थिंगबद्दल आपल्याकडे जी बेफिकिरी आहे, ती पाहून मला राग येतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, टेस्टर लावला की तो मंद पेटतो आणि मग ‘एसएमपीएस खराब आहे’ म्हणून दुकानात भांडण होते. वास्तविक प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो; नसेल तर पत्रा मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. ही सप्लायची चूक नव्हे, सॉकेटची आहे. आणि तो झटका सौम्य आहे म्हणून दुर्लक्ष करणेही योग्य नाही, कारण आत कधी खरोखर फेज पत्र्याला टेकली, तर वाचवणारी तीच तिसरी पिन असते. भाच्याच्या खोलीतला सॉकेट आम्ही खरेदीच्या आधी तपासून घेतला. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये कोंबण्याची सवय असेल, तर हजारो रुपयांचा पॉवर सप्लाय घेण्यात अर्थ नाही.

नव्या १६ पिनांच्या जोडणीचे वितळलेले फोटो भाच्याने पाहिले होते, त्यामुळे तो धास्तावला होता. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० च्या बाबतीत असे प्रकार पुढे आले हे खरे आहे. या जोडणीची कमाल मर्यादा ६०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि ते सहा पिनांतून जाताना प्रत्येकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर येतात, तर पिनेची मर्यादा ९.५ च्या आसपास आहे. म्हणजे गाठीशी फारसे काही उरत नाही. ५०७० च्या २५० वॅटला हाच हिशेब केला तर प्रत्येक पिनेवर साडेतीन अँपिअर येतात, आणि तेथे घाबरण्याचे कारण नाही. पुढे आलेल्या १२व्ही-२x६ या सुधारित सॉकेटमध्ये सूचना देणाऱ्या चार पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्ड वीज घेतच नाही. तरीही प्लग पूर्ण आत गेला आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवावी. सप्लायबरोबर ही केबल थेट मिळत असेल तर जोडफाटे लागत नाहीत, हाही एटीएक्स ३.१ घेण्याचा एक फायदा.

ब्रँडच्या नावावर मी फार भर दिला नाही. खोक्यावर नाव असलेली कंपनी बहुतेक वेळा स्वतः सप्लाय बनवत नाही. सीझनिकसारखे स्वतः बनवून स्वतःच्या नावाने विकणारे थोडे, आणि सीडब्ल्यूटीसारख्या कारखान्यांकडून बनवून घेणारे बरेच. एकाच ब्रँडच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांतल्या असू शकतात, म्हणून परीक्षण वाचायचे ते ब्रँडचे नव्हे, नेमक्या मॉडेलचे आणि तेही वॅटसकट. हमी मात्र जरूर पाहावी, आणि ती भारतातल्या आयातदाराची आहे ना, बिलावर अनुक्रमांक लिहिला आहे ना, हेही पाहावे. आम्ही घेतलेल्या पूर्ण मॉड्युलर (सगळ्या केबल काढता येणाऱ्या) सप्लायला दहा वर्षांची हमी आहे.

मॉड्युलर सप्लायबाबत एकच सक्त सूचना भाच्याला दिली. केबलचे जे टोक मदरबोर्ड किंवा कार्डात जाते त्याची पिनरचना ठरलेली असते, पण एसएमपीएसमध्ये जाणाऱ्या टोकाला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. जुन्या सप्लायची, हार्ड डिस्कला वीज देणारी साटा केबल नव्यात अगदी घट्ट बसू शकते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवून हार्ड डिस्क एका क्षणात निकामी करू शकते. म्हणून न वापरलेल्या केबल पिशवीत भरून तिच्यावर सप्लायच्या मॉडेलचे नाव लिहिले आणि जुन्या संगणकाच्या केबल त्याच्याच कॅबिनेटमध्ये ठेवून दिल्या.